शिटीनंतर हलायचं नाही

ईशान आणि तारा यांस,

तुमच्या आईनं तुमच्या नव्या शाळेचं माहितीपत्रक पाठवलं. गुळगुळीत कागद, हिरवंगार मैदान, मागे चर्चचा मनोरा आणि खाली ठळक अक्षरांत तीन शब्द: अकॅडेमिक्स, आर्ट्स, ॲथलेटिक्स. फोनवर तारा दबक्या आवाजात म्हणाली, "आजी, ख्रिश्चन शाळा आहे. तुला चालेल ना?" मला हसू आवरेना. बाळांनो, तुमची आजी आयुष्यभर ख्रिश्चन शाळेतच नोकरी करत होती. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा ठरवलं की ते तुम्हालाच लिहायचे. आई वाचून दाखवेल. तिला मराठीत कधी चांगले मार्क पडले नाहीत, पण समजतं सगळं.

आमची मिशनची मुलींची शाळा परळहून लालबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. दगडी इमारत, तिला लागून छोटं देऊळ, म्हणजे प्रार्थनामंदिर, आणि मागे मैदान. मैदानाला कमरेहून थोडी उंच भिंत, भिंतीपलीकडे गल्ली आणि गल्लीपलीकडे चाळी. चाळींच्या गॅलऱ्यांतून आमचं सगळं मैदान दिसायचं. ड्रिल चालू असलं की बायका तांदूळ निवडत निवडत आमच्या मुलींच्या रांगा तपासायच्या. एकदा एकीनं वरून ओरडून सांगितलं होतं, "बाई, डावीकडची तिसरी चुकली!" खरंच चुकली होती.

तुमच्या माहितीपत्रकातले तिन्ही शब्द आमच्याकडे होते, फक्त छापलेले नव्हते. अभ्यास कडक. पहिला तास बायबलचा, मग बाकीचं. कला म्हणजे पेटीवर म्हटलेली ख्रिस्ती भजनं आणि नाताळचं नाटक, ज्यात पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुष नेहमी काजळाच्या मिशा लावलेल्या कोकणातल्या मुली असायच्या. आणि खेळ म्हणजे मी. वरच्या वर्गांना इंग्रजी शिकवायला मला घेतलं होतं, पण पहिल्याच वर्षी ड्रिलच्या बाईंचं लग्न ठरलं आणि मुख्याध्यापिकांनी माझ्या हातात शिटी दिली. गिरगावातल्या आमच्या घरी सासूबाईंना हे अनेक वर्षं कळलंच नाही. सून इंग्रजी शिकवते, एवढंच त्या सगळ्यांना सांगायच्या.

मुख्याध्यापिका मिस कॅमरन स्कॉटलंडच्या. आम्ही त्यांना मिससाहेब म्हणत असू. तरुणपणी त्या नगरकडच्या खेड्यांत राहिल्या होत्या आणि मराठी पुस्तकांवरून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध होतं. रागावल्या की आणखी शुद्ध व्हायचं. "हे वर्तन मला मुळीच रुचले नाही," एवढं ऐकलं की दहावीच्या मुलीसुद्धा रडायच्या.

आता ड्रिल म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. ड्रिल म्हणजे व्यायाम, असं लोकांना वाटतं. ड्रिल म्हणजे खरं तर थांबणं. हात वर करणं सोपं असतं. सगळ्यांनी वर केलेले हात सगळ्यांनी एकदम थांबवणं अवघड. आमच्याकडे पूर्वी मुलींचे मनोरे करायचे, एकीच्या खांद्यावर दुसरी. एकदा खालची मुलगी मधमाशी आली म्हणून हलली आणि वरच्या मुलीच्या गळ्याचं हाड मोडलं. तेव्हापासून मिससाहेबांनी मनोरे बंद केले आणि एक नियम घातला. दुसरी शिटी वाजली की पुतळा. तिसरी वाजेपर्यंत कुणी हलायचं नाही. जी हलेल तिची त्या दिवसाची सगळी बक्षिसं रद्द, आणि ती ज्या संघात असेल त्या संघाचीही. कारण विचारायचं नाही, रडायचं नाही, आणि शिक्षा झाली की विषय संपला. मुलींना नियम जाचक वाटायचा. पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षापर्यंत तो मोडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

मनोऱ्यांच्या जागी आला जिवंत नकाशा. क्रीडादिनाचा शेवटचा कार्यक्रम. मैदानावर चुन्याच्या फक्कीनं हिंदुस्थानचा नकाशा आखायचा. पहिल्या शिटीला सगळ्या मुलींनी धावत येऊन आपापल्या जागी बसायचं, प्रत्येक राज्याच्या मुलींच्या कमरेला वेगळ्या रंगाचा पट्टा. दुसऱ्या शिटीला पुतळा. पेटीवर एक गाणं व्हायचं, मग तिसरी शिटी. मैदानाच्या आकारामुळे पाहुण्यांचं व्यासपीठ पश्चिमेला घालावं लागे, त्यामुळे आमचे प्रमुख पाहुणे दरवर्षी अरबी समुद्रात बसत. त्यांच्या अगदी पुढ्यात मुंबई यायची. तिथे एकटी शाळेची कॅप्टन उभी राहायची, हातात शाळेचा निळा झेंडा. गॅलरीतल्या बायका नातवंडांना दाखवायच्या, "ती बघ, तिथं आपण राहतो."

त्या वर्षीची कॅप्टन इंदू परब. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. समोरच्याच चाळीत राहायची. वडील नव्हते; थोरला भाऊ विश्राम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता, त्याच्या पगारात घर चालायचं. इंदू आमच्याकडे नादारीवर होती, म्हणजे तिची फी माफ होती. उंच, सावळी, कमी बोलणारी. आणि धावायला लागली की मी घड्याळाकडे बघायचं विसरून जायचे. तिच्या निळ्या हाऊसमध्ये, म्हणजे निळ्या संघात, तिची जोडीदार होती कोकिळा शाह. कोकिळा बोलायला लागली की थांबायची नाही आणि इंदू ऐकायला लागली की थांबायची नाही, म्हणून दोघींचं जमायचं. रिलेत कोकिळा तिसरी आणि इंदू शेवटची.

तो काळ तुम्हाला थोडक्यात सांगायला हवा. मराठी माणसांना मराठी भाषेचं राज्य हवं होतं आणि मुंबई त्यात हवी होती. दिल्लीनं आधी मुंबई वेगळी काढायचं ठरवलं. लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आमच्या आसपासच्या गल्ल्यांतली माणसं गेली. विश्रामच्या पोटरीतून गोळी आरपार गेली. तो वाचला, पण पाय ओढत चालू लागला. मग तोडगा म्हणून मराठी आणि गुजराती मुलूख जोडून एक मोठं द्विभाषिक राज्य केलं. मराठी माणूस खूष नाही, गुजराती माणूस खूष नाही. तुमचे आजोबा सरकारी नोकरीत होते, त्यामुळे घरात आम्ही संयुक्त महाराष्ट्राबद्दल खिडक्या लावून बोलायचो. मला तो हवाच होता. पण मी मिशनचा पगार घेत होते आणि शाळेत राजकारण आणायचं नाही ही मिशनची अट होती. मी अटी पाळणारी बाई आहे.

त्या हिवाळ्यात क्रीडादिन जवळ आला आणि माझ्या लक्षात आलं की नकाशा बदलला आहे. नवा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लागला होता. त्याप्रमाणे अहमदाबादपासून नागपूरपर्यंत सगळ्या मुलींना एकच पिवळा पट्टा. मी पट्टे शिवायला टाकले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विश्राम शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात टोपी, अंगावर गिरणीतला कापूस तसाच.

"बाई, आत येऊ?"

"ये ना विश्राम. पाय कसा आहे?"

"पाय हा. बाई, तुमची शाळा, तुमचे नियम. मी काय सांगणारो? पण पिवळो पट्टो बांधून इंदू त्या द्विभाषिकात उभी रवली, तर आमका चाळीत तोंड दाखवूक जागा नाय. माज्या पायाकडे बघून लोक काय म्हणतले?"

"अरे, ते ड्रिल आहे."

"तुमका ड्रिल. आमका नाय." त्यानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "तिका शाळेत ठेवलंय ती तुमी म्हटलात म्हणान. नायतर गिरणीत वायंडिंग खात्यात कधीच लागली असती. आई अजून तेच म्हणता. तुमीच काय ता बघा."

मी मिससाहेबांकडे गेले. त्यांच्या टेबलावर मिशनच्या समितीचा निरोप आधीच आला होता. पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातले मोठे अधिकारी येणार होते. कार्यक्रमात कोणत्याही मुलीनं राजकीय निदर्शन केलं, तर तिचं नाव त्याच दिवशी पटावरून कमी करायचं.

"पटावरून नाव गेलं तर इंदूला परीक्षेला बसता येणार नाही," मी म्हटलं. "वर्षाच्या या टोकाला कुठलीही शाळा तिला घेणार नाही."

"हे मी जाणते," मिससाहेब म्हणाल्या. "म्हणूनच आपणास सांगत आहे. तिला पिवळा पट्टा बांधा किंवा तिला नकाशातून वगळा. काय करावयाचे ते आपण ठरवा. मैदान आपले आहे."

मी रात्रभर विचार केला वगैरे नाही. बसस्टॉपवर उभी असतानाच मला तोडगा सुचला आणि मी स्वतःवर फार खूष झाले. राज्यांचा नकाशा करायचाच नाही. नद्या आणि डोंगरांचा करायचा! निळे पट्टे नद्यांना, तपकिरी डोंगरांना. गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी; सह्याद्री, सातपुडा. सीमाच नाहीत, मग भांडण कशाचं? पिवळे पट्टे मी परत पाठवले. मिससाहेबांनी आराखडा पाहिला आणि म्हणाल्या, "नद्यांना मते नसतात. उत्तम."

तालमीला मुलींना सांगितलं. कोकिळाला मी तापी केलं होतं. तिनं लगेच हात वर केला.

"बाई, पण मग मुंबई कुठे?"

"नद्यांच्या नकाशात शहरं नसतात."

"मग इंदू कुठे उभी राहणार?"

"इंदू व्यासपीठावर, पाहुण्यांच्या शेजारी. झेंडा घेऊन."

"म्हणजे समुद्रात!" कोकिळा म्हणाली आणि सगळ्या हसल्या. इंदू हसली नाही. "बरं, बाई," म्हणाली आणि झेंड्याची काठी पुसायला लागली.

माझं चुकलं ते इथे, आणि ते फक्त ड्रिलच्या बाईचंच चुकू शकतं. मी रांगेतली मुलगी काढली की रांग जुळवून घेते. नकाशातून मात्र मी मुंबई काढून टाकली आणि तिथली जागा तशीच राहिली. फक्कीचा किनारा नेहमीसारखाच आखलेला. मुंबईचं ते छोटं टोकही आखलेलं, कारण माझा हात दरवर्षी तसाच फिरायचा. तालमीच्या वेळी गॅलऱ्यांतून बायका बघत होत्याच. त्यांना नद्या कळल्या नाहीत. त्यांना एवढंच दिसलं की जिथे दरवर्षी आपली मुलगी उभी राहते, तिथे यंदा कुणी नाही. दोन दिवसांत सगळ्या गल्लीत झालं, "मिशनवाल्यांनी मुंबई पुसली." कुणी म्हणे वरून हुकूम आला, कुणी म्हणे मुंबई पुन्हा वेगळी काढणार म्हणून ही तयारी. मला हे कळलं ते क्रीडादिनाच्या सकाळी, आमच्या शिपायाकडून. तेव्हा फक्की आखून झाली होती.

मी ते टोक तरी पुसून टाकावं म्हणून फडकं घेऊन गेले. गॅलरीतून आवाज आला, "पुसताहेत बघा, पुसताहेत!" मी फडकं घेऊन परत आले.

अधिकारी साहेब वेळेवर आले. त्यांच्याबरोबर पोलिसांची गाडी आणि एक इन्स्पेक्टर आला, कारण त्या दिवसांत सरकारी माणूस लालबागला एकटा यायचा नाही. पोलीस पाहिल्यावर गल्लीतली गर्दी वाढली. भिंतीवर पोरं बसली, मग मोठी माणसं बसली. विश्रामला दोघांनी धरून वर चढवलं होतं. त्याचा दुखरा पाय भिंतीच्या आत, आमच्या मैदानावर लोंबत होता.

शर्यती मात्र छान झाल्या. भिंतीवरचे लोकही त्यात रमले. शेवटच्या रिलेत निळं हाऊस मागे होतं, कोकिळानं दात-ओठ खात अंतर कमी केलं, काठी इंदूच्या हातात दिली आणि किंचाळली, "भाग, परब!" इंदू जी सुटली ती दोरी तोडूनच थांबली. अख्खी गल्ली ओरडत होती. तांबडं हाऊस काही पावलं मागे राहिलं. अधिकारी साहेबांनी स्वतः उभं राहून टाळ्या वाजवल्या. कप निळ्या हाऊसच्या टेबलावर ठेवला गेला. मला वाटलं, निभावलं.

मग मी पहिली शिटी वाजवली.

मुली धावत आल्या. गोदावरी, कृष्णा, सातपुडा. तापीत कोकिळा, अजून धापा टाकत. दुसरी शिटी. सगळ्या पुतळा. पेटीवर गाणं सुरू झालं.

"मुंबई कुठाय?" भिंतीवरून एकानं विचारलं.

मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी मिळून, तालावर. "मुंबई कुठाय? मुंबई कुठाय?" पेटी ऐकू येईनाशी झाली. गॅलऱ्यांतून बायकाही म्हणत होत्या. भिंतीवरून कुणी तरी खडा फेकला, मुलींना मारायला नव्हे, त्या रिकाम्या जागेवर. पण तो उसळून गोदावरीत गेला आणि चौथीतल्या स्टेलाच्या गुडघ्यावर लागला. स्टेला बोर्डिंगमधली, तिचं या शहरात कुणी नव्हतं. मला तिच्या पांढऱ्या मोज्यावर रक्त उतरताना दिसलं. ती हलली नाही. समोर बघत राहिली. एकही मुलगी हलली नाही. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला होता तीच आता माझ्या समोर होती आणि मला ती बघवत नव्हती.

शिटी माझ्या तोंडात होती. तिसरी वाजवली तर मुली उठून पळतील, फाटकाकडे, म्हणजे गर्दीत. नाही वाजवली तर पुढचा खडा.

इन्स्पेक्टर व्यासपीठाच्या पायरीवर आला. त्यानं अधिकारी साहेबांकडे पाहिलं, मग भिंतीजवळच्या पोलीस शिपायांकडे, आणि छडी घेतलेला हात वर केला. शिपायांनी काठ्या सावरल्या. मला वर्षापूर्वीचा गोळीबाराचा आवाज आठवला. आम्ही वर्गात बाकांखाली बसलो होतो आणि मी मुलींना पाढे म्हणायला लावत होते, म्हणजे बाहेरचं ऐकू येऊ नये.

तेवढ्यात माझ्या शेजारून कुणी तरी गेलं.

इंदू व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली. धावली नाही. झेंडा दोन्ही हातांनी धरून, ड्रिलच्या चालीनं, टाचा बरोबर टेकवत ती फक्कीच्या रेषेपर्यंत गेली, रेष न पुसता ओलांडली, आणि मुंबईच्या जागेवर उभी राहिली. वळली. समोर बघितलं. पुतळा झाली.

गर्दीचा आवाज एकदम तुटला. मग असा काही गजर झाला की गॅलऱ्यांचे कठडे हलले असतील. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" टोप्या उडाल्या. भिंतीवर कुणी रडत होतं. पण खडे थांबले. लोक टाळ्या वाजवू लागले. इन्स्पेक्टरचा हात हळूहळू खाली आला.

"आता," मिससाहेब माझ्या कानाशी म्हणाल्या. मी तिसरी शिटी वाजवली. मुली उठल्या, रांगा केल्या, आणि मी आधी स्टेलाकडे धावले.

परत आले तेव्हा व्यासपीठावर अधिकारी साहेब उभे होते. ते वाईट माणूस नव्हते; घाबरलेले होते. इंग्रजीत बोलत होते. "ही मुलगी कोण? हे कार्यक्रमात होतं?"

"नव्हतं," मिससाहेब म्हणाल्या.

"मग हे राजकीय निदर्शन आहे. माझ्यासमोर झालं आहे. मला ते कळवावं लागेल. तुमच्या समितीनं काय ठरवलं आहे ते मला माहीत आहे. मुलीचं नाव आजच्या आज कमी करा."

इंदू खाली उभी होती. हे सगळं तिला समजत होतं. इंग्रजी मीच शिकवलं होतं. तिनं झेंड्याची काठी घट्ट धरली होती.

 मिससाहेब माझ्याकडे वळल्या, आणि मराठीत, त्या त्यांच्या अतिशुद्ध मराठीत म्हणाल्या, "तळपदेबाई, दुसऱ्या शिटीनंतर जागा सोडल्यास आपल्याकडे काय शासन आहे?"

मला क्षणभर कळेना की ह्या काय विचारताहेत. मग कळलं.

"त्या दिवसाची सगळी बक्षिसं रद्द," मी म्हटलं. "तिची आणि तिच्या संघाची."

"याहून अधिक?"

"नाही. शिक्षा झाली की विषय संपला."

"हा नियम आज केला काय?"

"नाही मिससाहेब. माझ्या आधीपासून आहे."

मग त्या अधिकारी साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "या मुलीनं गुन्हा केला आहे, आणि तो माझ्या ड्रिलच्या नियमात बसतो. तिला शिक्षा होईल, आत्ता, सगळ्यांसमोर. एका चुकीला दोन शिक्षा माझ्या शाळेत होत नाहीत. ती कुठे जाऊन उभी राहिली म्हणाल, तर साहेब, ती जागा मुंबईची होती. मुंबई तिथेच आहे. भूगोलाबद्दल मी कुणाला शिक्षा करू शकत नाही."

अधिकारी साहेबांनी भिंतीकडे पाहिलं, इन्स्पेक्टरकडे पाहिलं. "शिक्षा खरी असली पाहिजे," ते म्हणाले.

"जाहीर करा, तळपदेबाई."

व्यासपीठापासून ध्वनिक्षेपकापर्यंत दोन पावलं असतील. मी अख्ख्या आयुष्यात एवढं लांब चालले नाही. मी सांगितलं, की इंदू परब हिनं दुसऱ्या शिटीनंतर जागा सोडली. म्हणून आजची तिची सर्व बक्षिसं रद्द, रिलेचा कपही रद्द, तो तांबड्या हाऊसला.

गल्ली उसळली. "मुंबईत उभी राहिली म्हणून शिक्षा?" "सरकारचे चमचे!" भिंतीवरचे दोघे आत उडी मारायला वळले. इन्स्पेक्टरचा हात पुन्हा वर गेला. आणि सगळ्यांत मोठा आवाज विश्रामचा, "इंदू! झेंडो टाक आणि घराक ये! ह्या शाळेत परत पाऊल टाकू नको!"

इंदू वळली. तिचा आवाज एवढा मोठा असेल, हे मला ठाऊक नव्हतं.

"दादा, गप रव! शिटी मी मोडली! मुंबईची शिक्षा नाय ही, शिटीची हा! माझो नियम हा, तुझो नाय! सगळ्यांका खाली उतरव आधी!"

 विश्रामनं शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवला, काही तरी म्हणाला. तो शेजारचा उतरला. त्याच्यामागून आणखी एक. विश्रामला मग दोघांनी धरून खाली घेतलं, पलीकडच्या बाजूला.

निळ्या हाऊसच्या टेबलावरून कोकिळानं कप उचलला. तिचे डोळे भरले होते, पण तिची जीभ गप्प बसणारी नव्हती. इंदूच्या जवळून जाताना म्हणाली, "परब, तुला जायचंच होतं तर मघाशी तरी सांगायचंस. मी एवढी कशाला धावले असते? माझं पोट अजून दुखतंय." तिनं कप तांबड्या हाऊसच्या टेबलावर नेऊन ठेवला, सरळ केला, आणि परत येऊन इंदूच्या शेजारी उभी राहिली. अधिकारी साहेबांची गाडी गेली. पाठोपाठ पोलिसांची.

संध्याकाळी मी इंदूला विचारलं, "का गेलीस?"

"दादाच्या पायातून एक गोळी आधीच गेलीय, बाई. त्या इन्स्पेक्टरनं हात वर केला, आणि दादा सगळ्यांत पुढे होता. त्याला पळता येत नाही." मग म्हणाली, "आणि ती जागा रिकामी बरी दिसत नव्हती."

समितीनं पुढे मिससाहेबांना बोलावून घेतलं. काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांचं मराठी दोन दिवस फार शुद्ध होतं. पण इंदूचं नाव पटावर राहिलं. सोमवारी ड्रिलच्या तासाला ती आली तेव्हा कॅप्टनचा बिल्ला तिनं स्वतःच काढून माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, बिल्ला काढायचं नियमात नाही. तिनं तो परत लावला, पण आधी विचारलं, "पटावर नाव आहे ना, बाई?"

"आहे."

"मग झालं," म्हणाली आणि जाऊन रांगेत उभी राहिली.

ती मॅट्रिक झाली. तिच्या घरात पहिलीच. विश्राम पेढे घेऊन आला, मिससाहेबांना द्यायला त्याला धीर होईना म्हणून माझ्याच हातात दिले आणि म्हणाला, "त्या दिवसाचा मनात ठेव नकात." इंदू पुढे नर्स झाली, परळच्याच एका इस्पितळात. महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. कोकिळा लग्न होऊन राजकोटला गेली.

मला नोकरीतलं फारसं काही टोचत नाही. एवढं एक टोचतं. आमच्या शाळेच्या दिवाणखान्यात, काचेच्या कपाटात रिलेचा कप आहे. त्याच्यावर दरवर्षीच्या विजेत्या हाऊसचं नाव कोरलेलं असतं. त्या वर्षापुढे तांबडं हाऊस लिहिलं आहे. ते मीच कोरायला दिलं. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे, आणि पुन्हा द्यायची वेळ आली तर मी तसंच देईन.

पण ती शर्यत निळ्या हाऊसनं जिंकली होती. कोकिळा शाहनं अंतर तोडलं आणि इंदू परबनं दोरी. कपावर ते कुठेही नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते.